शिवकन्येचा फिरता तारा

फोन शिवकन्येच्या भाच्याचा होता. मी नांदेडला, घरी, ज्वारी निवडत बसले होते. "मावशी," तो म्हणाला आणि थांबला, "आत्या गेली… आपली आत्या तारा झाली." मी सुपातला हात काढून घेतला आणि म्हटलं, "तारा झाली म्हणू नकोस. गेली म्हण. माती कधी आहे तेवढं सांग." म्हातारीला दुःखानं भ्रम झाला असं त्याला वाटलं असणार. पण जिनं उभा जन्म आकाशात काय आहे आणि काय नाही यावरून गावाशी, बापाशी आणि वेळप्रसंगी माझ्याशीही भांडण्यात घालवला, तिच्याबद्दलचं पहिलंच वाक्य खोटं असावं हे मला सहन झालं नाही. आता त्याला काही आठवडे होऊन गेले. राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. शिवकन्येबद्दल शांत मनानं लिहायला बसले तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल तरी होईल.

शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. अंगात काही उरलं नव्हतं, आवाज मात्र वर्गातलाच. एक तरुण डॉक्टर तपासायला आला, आणि तिनं विचारलं, "किती दिवस आहेत माझे?" तो बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, "आजी, आता सगळं वरच्याच्या हातात." झालं. तिनं उशीवरून मान उचलली. "वरच्याच्या म्हणजे कुणाच्या? तुम्हाला माहीत नाही असं म्हणा की सरळ. माहीत नाही म्हणायला लाज कसली?" डॉक्टर आधी हसला, मग स्टूल ओढून तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "खरंच माहीत नाही, बाई." "आता कसं," ती म्हणाली, आणि त्यानंतर त्याची प्रत्येक गोळी तिनं मुकाट घेतली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून माती दिली. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, पाठ ताठ… माझा जीव तुटत होता, पण तिला आडवी पडलेली पाहावी लागली नाही याचं बरंही वाटत होतं.

आमची ओळख नांदेडच्या अध्यापक विद्यालयातली. मी उमरीची, शेतकऱ्याची लेक. ती लातूरची. तिचे वडील, आप्पा, गंजगोलाईच्या बाजारात आडतीचं दुकान चालवायचे. घरात धान्याच्या पोत्यांइतकीच माणसं, आणि सगळ्यांचं एकमत की मुलीनं शिकलं तेवढं पुरे. तिनं नोकरी मागून घेतली ती घरात दोन वेळा जेवण सोडून. आप्पांनी परवानगी दिली, पण वर अट घातली. "गावाकडून तुझ्याबद्दल एक शब्द आला तर दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन येईन. मग नोकरीबिकरी काही नाही. उदगीरचं स्थळ अजून थांबलेलं आहे." ही अट त्यांनी मला साक्षीला ठेवून घातली, कारण नेमणूक आम्हा दोघींची एकाच शाळेत झाली होती, रेणापूरच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या पाटलांची नातवंडं वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात आणि माझ्याशी चांगली वागतात.

ज्या साली उस्मानाबाद तोडून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच साली पावसानं पाठ फिरवली. लातुरात गुलाल उधळला गेला, आमच्याकडं मृगाची पेरणी मातीतच करपली. गावात एक विहीर तेवढी जिवंत, तीही झऱ्यावर. पाणी पाझरायचं, वाटीवाटीनं साचायचं, मग एक घागर भरायची. शाळा सुटली की आम्ही दोघी घागरी घेऊन नंबर लावायचो तो दिवस मावळेपर्यंत. विहिरीवर बाया आणि वर निरभ्र आकाश. श्रावणात असं आकाश पाहणं मोठं कठीण असतं. आणि त्या आकाशातून एका संध्याकाळी एक ठिपका आला. नैर्ऋत्येकडून निघाला, न लुकलुकता, न आवाज करता डोक्यावरून ईशान्येकडं गेला. आमची घरमालकीण काशीबाई घागरीवर पदर टाकत म्हणाली, "बाई, झाका, झाका! फिरता तारा हाय त्यो!"

तेव्हा आम्हाला कळलं की गावात हे आधीपासून माहीत होतं आणि त्याचा अर्थही लावून झाला होता. कुणीतरी रेडिओवर ऐकलं होतं की रशियानं आकाशात घर बांधलंय आणि त्यात माणसं राहतात. तेवढं अगदी खरं होतं. पुढचं गावानं जोडलं. माणसं आहेत म्हणजे त्यांना पाणी लागणार. वर विहीर नाही, आड नाही, मग ते पाणी आणतात कुठून? तर ढगातून. आभाळ आलं की हा तारा येतो आणि वरच्या वर ओढून घेतो, आणि ढगात मिळालं नाही तर खालच्या विहिरींवर नजर टाकतो. म्हणून तो डोक्यावरून जाईपर्यंत भरलेली घागर उघडी ठेवायची नाही. तहानलेल्या माणसाची अक्कल कुठं कुठं जाते याला मी हसत नाही. मीसुद्धा पहिले काही दिवस गुपचूप पदर टाकला होता. शिवकन्येनं मात्र घागरीवर हात ठेवून सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मी न्हाई झाकत. पिऊ द्या त्याला काय प्यायचं ते."

आणि ती मोजायला लागली. मोजायला म्हणजे तिच्याजवळ होतं काय? शाळेतला खडू आणि विहिरीचा दगडी कठडा. तारा ज्या दिशेला उगवला तिथं एक रेघ, जिथं दिसेनासा झाला तिथं दुसरी. पश्चिमेचा उजेड किती उरला होता ते काशीबाईला विचारायचं, कारण काशीबाईचा अंदाज घड्याळाच्या वर होता. तारा बहुधा एक दिवस आड यायचा, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर. असं दोनचार वेळा होऊन तो संध्याकाळचा यायचा बंद व्हायचा. मग काही दिवसांनी पहाटे शेणाची पाटी घेऊन निघालेल्या बायांना दिसायचा, आणि पुन्हा केव्हातरी संध्याकाळी. बायांना वाटायचं तो लहरी आहे. शिवकन्येला रेघा पाहून उलटंच वाटायला लागलं.

एका दुपारी तिनं वर्गातच रिकामी घागर उपडी ठेवली, तोंडाखाली चुंबळ. कपाळाची थोडी विभूती काढून घागरीच्या पोटावर एक ठिपका दिला. "ही घागर म्हणजे पृथ्वी, आणि हे आपलं गाव." मग सुतळीचं मोठं कडं करून घागरीभोवती तिरकं धरलं. "आणि ही त्याची वाट. आता बघा, मी कड्याला हात लावत नाही. फक्त घागर फिरवते." चुंबळीवर घागर हळूहळू फिरली, विभूतीचा ठिपका सुतळीखाली आला, पुढं निघून गेला, फेरा घेऊन पलीकडच्या बाजूनं पुन्हा सुतळीखाली आला. "तो आपल्या वाटेनं जात राहतो. एका दिवसात कित्येक फेऱ्या. आपणच फिरत फिरत त्याच्या वाटेखाली जातो. तो आपल्याकडं येत नाही, ना आपल्या विहिरीकडं." एका मुलीनं विचारलं, "मग बाई, त्यो दर येळी थोडा अलीकडं काऊन येतो?" शिवकन्या खूश झाली. म्हणाली, ते कडंसुद्धा अगदी हळूहळू सरकतं, कारण घागर पूर्ण गोल नाही, मध्ये फुगलेली आहे. हे तिनं कुठंतरी वाचलेलं होतं. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण ती मुलगी मान हलवत होती, म्हणून मीही हलवली.

घोटाळा झाला तो असा. तिनं घागर उघडी ठेवल्याच्या तिसऱ्याचौथ्या आठवड्यात विहिरीचा झरा बारीक झाला. श्रावण कोरडा गेला म्हटल्यावर झरा दुसरं काय करणार? पण कारण समोर उभं असताना लांबचं कोण शोधतं? पाटलांनी आम्हाला पारावर बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याची देवणी बैलांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली, ती त्याला वैरणीअभावी छावणीवर नेऊन बांधावी लागली होती, आणि तेव्हापासून तो सगळ्या जगावर तापलेला होता. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या पायी पाणी गेलं असं लोकं म्हणायलेत. आमी लातूरला जाऊन सायबाला सांगणार. आता उस्मानाबाद न्हाई करावं लागत, जिल्हा दारात आलाय. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारी परत." नव्या जिल्ह्याचा हा फायदा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. शिवकन्या म्हणाली, "जा की. पण आधी एक बघून जा. तो तारा पुन्हा कधी येणार, कुठून येणार, कुठं जाणार, हे मी आधी सांगते. ज्याची वेळ आधी सांगता येते तो कुणाचं पाणी कशाला चोरेल? एसटीचा ड्रायव्हर चोरतो का?" पारावर हशा पिकला. पाटील हसला नाही, पण कबूल झाला.

तिनं सांगितलेल्या संध्याकाळी सगळं गाव शाळेपुढं जमलं. दिवेलागण होऊन गेली, चांगलंच अंधारून आलं, आणि तिनं दाखवलेल्या दिशेनं, बाभळीच्या मागून, तो उगवला. माणसांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी तिचा हात दाबला. तारा वर चढत गेला, डोक्यावर आला… आणि विझला. ढग नाही, झाड नाही, काही नाही. भर आकाशात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वात ओढून घ्यावी तसा नाहीसा झाला. मग एक मूल रडायला लागलं, आणि काशीबाई, आमचीच काशीबाई, छातीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमी बोट दावलं अन् त्यो मेला की वो!" पाटलाला आणखी काय हवं होतं? "बगितलं? हिनं तारा इझवला. आता पाऊस काय येतोय!" शिवकन्या आकाशाकडं बघत नुसती उभी होती. तिला असं तोंडात मारल्यासारखं उभं राहिलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही पाहिलं नाही.

आडतीच्या दुकानात बातमी पोहोचायला किती वेळ लागतो? दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांची जीप शाळेच्या दारात. कपाळभर विभूती, पांढरं स्वच्छ धोतर, आवाज चढलेला नाही. आप्पा चिडले की त्यांचा आवाज उतरायचा. "शिवकन्या, सामान बांध." मला साक्षीला ठेवून घातलेली अट, त्यामुळं मलाही काही बोलता येईना. ती म्हणाली, "आप्पा, जेवून घ्या. मला दुपारपर्यंत विचार करू द्या." आप्पा म्हणाले, "विचार करून काय होणार?" तरी जेवायला बसले. भाकरीबरोबर कोरडं पिठलं होतं. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा काशीबाईनं त्यांना पेला अर्धाच भरून दिला, आणि तो बघून ते पुरवून पुरवून प्याले. तेवढ्या वेळात शिवकन्या मला ओढत वर्गात घेऊन गेली.

दारं लावली, खिडक्यांवर पोती टाकली, कंदील पेटवून एका बाकावर ठेवला. तीच घागर, तीच सुतळी. "हा सूर्य," कंदिलाकडं बोट करून ती म्हणाली. घागरीची एक बाजू उजळलेली, दुसरी काळोखात, आणि मागं भिंतीवर घागरीची भलीमोठी सावली. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि ती गाठ सुतळीच्या वाटेनं हळूहळू फिरवायला लागली. गाठ उजेडात होती तोवर चमकत होती. घागरीच्या मागं गेली आणि काळी झाली. तिनं परत फिरवली. परत काळी झाली. "सरू," ती म्हणाली, आणि मग ओरडलीच, "सरू, तो विझला नाही गं! सावलीत गेला! आपल्याच सावलीत, पृथ्वीच्या! त्याला स्वतःचा उजेडच नाही, त्याच्यावर ऊन पडतं तेवढाच तो दिसतो!" "मग आधी कधी विझला नाही तो?" मी विचारलं. ती म्हणाली, "कारण आपण त्याला विहिरीवर बघायचो. उजेड असताना. अंधार पडला की आपण घरी यायचो चुलीपाशी. कालच तो उशिरा आला, आणि कालच आपण उशिरापर्यंत बाहेर होतो." मग ती कंदिलापुढं उकिडवी बसून पुटपुटत राहिली. उद्या यायचा म्हणजे आणखी लवकर यायचा, सूर्य तेवढा खोल गेलेला नसणार, सावली मागं सरकलेली असणार, म्हणजे तो जास्त वेळ उजेडात राहणार, म्हणजे विझणार तो आणखी पुढं… ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं कालचं काहीही शिल्लक नव्हतं.

ती तशीच, पदराला गाठ ठेवून, पाटलाच्या दारात गेली. मागून मी, आणि माझ्या मागून हात न पुसलेले आप्पा. "पाटील, उद्या संध्याकाळी पुन्हा बोलवा गाव. या वेळी तो उगवणार कुठं ते न्हाई सांगत. विझणार कुठं ते सांगते. देवळामागच्या कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर, चार बोटं." पाटील तिच्याकडं बघतच राहिला. "आन् न्हाई इझला तर?" "तर लातूरला मीच येते तुमच्यासंगं. तक्रार मी स्वतः सांगते." मग ती वळली आणि आप्पांना म्हणाली, "आणि तुमच्याबरोबर घरी येते. उदगीरचं स्थळ म्हणाल तर उदगीरचं. पण तो तिथं विझला, तर सामान बांध हा शब्द तुम्ही मला जन्मात पुन्हा म्हणायचा नाही." बापाशी असं बोलणारी मुलगी गावानं पाहिली नव्हती. आप्पांनी धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "उद्यापर्यंत थांबतो मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला ढग आले. अख्ख्या श्रावणात न आलेले ढग नेमके त्या संध्याकाळी, काळे, खाली वाकलेले. गावाचे चेहरे पाहण्यासारखे होते. कुणाला हसावं कळेना, कुणाला रडावं कळेना. ढग राहिले तर तारा दिसणार नाही आणि शिवकन्येची गच्छंती. ढग गेले तर पाऊस गेला. काशीबाई हळूच तिच्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमी त्याला जा म्हणू नगा, बरं का. तुमची नोकरी दुसरी मिळंल." काशीबाईवर मी भडकले, पण शिवकन्या म्हणाली, "न्हाई म्हणत, काशीबाई. पडू द्या त्याला. पाऊस पडला तर मी आनंदानं जीपमधी बसते." आणि हे ती मनापासून म्हणत होती. जे तिच्या हातात नव्हतं त्यावरून ती कधी रडली नाही. ढग थोडा वेळ थांबले, वारा सुटला, आणि ते फाटत फाटत पूर्वेकडं गेले. एक थेंब नाही. लोकांनी एक मोठा सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्यातच तो आला.

या वेळी पश्चिमेला अजून तांबूस उजेड होता. तो वर चढला, परवा जिथं विझला होता ती जागा आली, आणि तो ती ओलांडून गेला. जमावातून एक हुंकार आला. तो उतरायला लागला, ईशान्येकडं, देवळाच्या कळसाला बगल देऊन, कडुलिंबाकडं. शिवकन्या त्याच्याकडं बघतच नव्हती. ती शेंड्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडं बघत होती. आणि तिथं येऊन तो आधी तांबडा झाला, मग फिका, मग नाही. चार बोटं असतील किंवा पाच, पाटलानंसुद्धा त्यावर हुज्जत घातली नाही. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत, लोक उठून आपापल्या घरी गेले. आप्पा जीपपाशी गेले. सकाळीच त्यांनी माणसाकडून तिची वळकटी बांधून आत टाकून घेतली होती. ती त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली, आमच्या खोलीत आणली, कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "दार नीट लावून घेत जा." मग गेले. तो शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि उदगीरच्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडं झालं.

इथं थांबले तर ही विजयाची गोष्ट होते, पण खरी लढाई दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. दार उघडलं तर उंबऱ्यापुढं बाया रांगेनं, हातात नारळ. एकीची म्हैस हरवली होती, एकीला लेकीचं लग्न कधी जमेल ते हवं होतं, आणि सगळ्यांना पाऊस. रांगेच्या शेवटी, डोक्याचं पागोटं काढून, पाटील. "बाई, चुकलं माझं. तुमाला वरचं कळतंय. आता पाऊस कधी तेवढं सांगा." मला वाटलं, सांगून टाकावं काहीतरी, दोन दिस, चार दिस, काय बिघडतं? मान मिळतोय, पाणीसुद्धा आधी मिळेल. शिवकन्या उंबऱ्यावर उभी राहिली. "मला माहीत न्हाई." पाटलाला वाटलं ती रुसली आहे. त्यानं नारळ पुढं केला. "न्हाई पाटील, खरंच माहीत न्हाई. ताऱ्याची वाट ठरलेली हाय, म्हणून सांगता आलं. पावसाची मला कळत न्हाई. जे कळत न्हाई ते मी सांगणार न्हाई." पाटील पारावरच्यापेक्षा जास्त चिडला. "मंग काय उपेग तुमच्या शिकण्याचा?" "हाच उपेग," ती म्हणाली. "कुठवर माहीत हाय अन् कुठून पुढं न्हाई, ते कळतं." मग तिनं रांगेतले सगळे नारळ गोळा करून शाळेत नेले, फोडले, आणि पोरांना खोबरं वाटलं. कित्येक दिवसांत पोरांनी असं काही खाल्लं नव्हतं. गाव महिनाभर तिच्याशी धड बोलत नव्हतं, पण घागरींवरचे पदर गेले ते गेले.

दोन वर्षांनी आपला एक माणूस त्याच घरात राहून आला, तेव्हा देशभर लोक वर बघत होते. आमच्या गावाला त्याचं फार अप्रूप वाटलं नाही. मी लग्न होऊन नांदेडला आले. ती तिथंच राहिली, बदल्या नाकारत, साहेबांशी भांडत. भूकंपाच्या साली सगळी माणसं घराबाहेर, उघड्यावर झोपत होती, आणि पुन्हा लोक तिच्याकडं आले, की बाई, परत होणार का? ती म्हणाली, "माहीत न्हाई," आणि आपलं अंथरूण उचलून त्यांच्यात जाऊन झोपली. काशीबाई पुढं मला सांगायची, की ज्योतिषानं न्हाई होणार म्हणून छातीठोक सांगितलं तरी झोप लागली नव्हती, बाईच्या 'माहीत न्हाई'नं लागली.

परवा त्या शाळेत तिची शोकसभा होती. तिच्या फोटोला हार, समोर सतरंज्या, आणि व्यासपीठावर तालुक्याहून आलेले एक वक्ते. ते बोलायला लागले, आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले की बाई आज आकाशात एक तारा होऊन… मी उठणार होते. पण माझ्याआधी पुढच्या रांगेतून एक बाई उठली. घागरीच्या तासाला प्रश्न विचारणारी तीच मुलगी, आता केस पिकलेले, नातवंड कडेवर. "सायेब, थांबा जरा," ती म्हणाली, "यायची येळ झाली." आणि सगळी सभा, म्हाताऱ्या, सुना, पोरं, पाटलांची नातवंडं, चपला शोधत बाहेर अंगणात. आताचं अंतराळ स्थानक वेगळं, आणि वेळ मोबाईलवर कळते. पण कुठं विझेल हे मोबाईलला कुणी विचारत नाही. त्या गावात आता एक चाल आहे, मला ठाऊकच नव्हती. तारा उगवायच्या आत प्रत्येकानं आपल्या मते तो जिथं विझेल त्या जागेकडं हात करायचा, आणि मग हात खाली घ्यायचा नाही. लहानमोठं कुणी सुटत नाही. अंगणात बघता बघता हात वर झाले. माईक सोडून वक्तेही आले होते. त्यांना एका पोरीनं सांगितलं, "सायेब, तुमी बी करा." "मला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. "तसं म्हणा अन् करा," पोरगी म्हणाली.

तो आला. मीही हात वर धरला होता. दंड दुखायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाली घेतला नाही. तो माझ्या बोटाजवळ आला, ते ओलांडून पुढं गेला, आणि चांगलं वीतभर अंतर चालून मग विझला. त्या अंगणात सगळ्यात जास्त चुकलेली मीच होते. पोरं माझ्याकडं बघून खदखदून हसली, आणि मीही हसले, मोठ्यानं, तिच्या शोकसभेत.